चुनखडीचा डोंगर आणि परकी मेंढरं

मी आणि सोपानतात्या जर्मनीला दात पाडायला चाललोय, ही बातमी वालचंदनगरच्या कॉलनीत आठवडाभर गाजली. गिअरचे दात पाडणारं नवं मशीन आमच्या कारखान्यात यायचं होतं आणि ते चालवायचं शिकून यायला आम्हा दोघांना सहा आठवडे पाठवत होते. माझ्या आईच्या कानावर यातलं निम्मंच गेलं. "दात पाडायला एवढ्या लांब? इंदापुरात दवाखाना न्हाय व्हय?" म्हणाली.

नव्वद सालानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षातली ही गोष्ट. बर्लिनची भिंत पडून गेली होती, खिशात फोन आले नव्हते. परत आल्यावर लोकांनी मशीनचं विचारलं, थंडीचं विचारलं, "तिकडं खाल्लं काय?" हे तर प्रत्येकानं विचारलं. डोंगरांचं कुणी विचारलं नाही. जर्मनी म्हणजे नुसते कारखाने, असाच आपल्याकडे समज. म्हणून डोंगरांचं लिहितो. मशीन काय, आता इथे येऊन बसलंय, कुणीही जाऊन बघावं.

डोंगराच्या पायथ्याला

आमचा मुक्काम रॉयटलिंगन शहराजवळच्या एका गावात होता. खिडकी उघडली की आल्ब नावाची डोंगररांग समोर. आपल्याकडे फलटणच्या बाजूला महादेवाचे डोंगर दिसतात तशी सलग, माथा सपाट. पण आपले डोंगर ऑक्टोबरात पिवळ्या गवताचे, आणि हा पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडांनी गच्च. पानं तांबडी होऊन गळत होती. पहिल्या सकाळी तात्या खिडकीशी उभे राहून म्हणाले, "दत्ता, समदं रान वाळत चाललंय की रं. कीड पडली का काय?"

तात्या मूळचे पळसदेवचे, वय छप्पन्न. तीस वर्षं गिअरच्या मशीनवर. नुसता आवाज ऐकून मशीनला कुठं दुखतंय ते सांगायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. जर्मनांशी ते सरळ मराठीत बोलत. गंमत म्हणजे मशीनपुरतं त्यांचं सगळं समोरच्याला कळे.

घरमालकीण लोरेबाई, साठी उलटलेल्या, विधवा. पहिल्या सोमवारी आमच्या दारावर एक लाकडी पाटी टांगलेली दिसली. मला वाटलं, स्वागताची असेल. तर ती झाडूची पाळी होती. त्या भागात इमारतीचा जिना आणि दारासमोरचा रस्ता भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीनं झाडायचा असतो, आणि पाटी दारावर लागली की सुटका नाही. तात्यांनी घरी कधी झाडू हातात धरलेला नव्हता. लोरेबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि आमच्या कारखान्याचा सगळ्यात जुना मशिनिस्ट पायऱ्यांचे कोपरे काढायला लागला. "घरी सांगू नगंस," एवढंच मला म्हणाले.

बाईंनी त्या दिवशी जेवायला बोलावलं. मसुरीची घट्ट आमटी आणि तिच्याबरोबर कणकेच्या ओबडधोबड जाड शेवया. आमटीवर व्हिनेगर ओतून खायची पद्धत. तात्यांनी खिशातून लसणीच्या चटणीची पुडी काढली, चिमूटभर आपल्या ताटात आणि चिमूटभर बाईंच्या. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं. पाणी प्यायल्या आणि परत ताट पुढे केलं.

पहिला शनिवार: गुहा आणि खेळण्यातला किल्ला

आम्हाला शिकवणारा वेर्नर चांगला इंग्रजी बोलायचा. पहिल्या शनिवारी त्यानं आम्हाला आपल्या गाडीतून डोंगरावर नेलं. वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना उंच सरळ झाडं, आणि माथ्यावर गेल्यावर एकदम उघडं पठार. शेतं, मधूनमधून दगड वेचून रचलेले बांध. पण ओढा नाही, नदी नाही, विहीर नाही.

"पाणी कुठं हाय?" तात्यांचा पहिला प्रश्न. मी तो वेर्नरला सांगितला.

वेर्नरनं बोट खाली दाखवलं. हा अख्खा डोंगर चुनखडीचा. पाऊस भरपूर पडतो, पण सगळा भेगांतून आत जातो आणि पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर पडतो. नळ येण्यापूर्वी वरच्या गावांतले लोक उन्हाळ्यात खालून गाड्यांनी पाणी वाहून आणत, आणि गावाच्या मध्ये खड्डा करून पावसाचं पाणी साठवत. त्यातच जनावरं प्यायची, त्यातच माणसं. हे ऐकल्यावर तात्यांना त्या लोकांबद्दल एकदम जवळीक वाटायला लागली. "म्हंजे जिरायतीच की," ते म्हणाले. "आन् आमी समजत हुतो, जर्मनीत समदं बागायत."

आतमध्ये जे पाणी जातं, त्यानं केलेली गुहा आम्ही बघितली. जाळीचं दार, तिकीट, आत विजेचे दिवे. छतावरून दगडाचे सुळे लोंबतायत, खालून तसेच वर येतायत, काही एकमेकांना भेटून खांब झालेत. एका कोनाड्यात अस्वलांची हाडं. हजारो वर्षांपूर्वी ती थंडीत झोपायला आत येत आणि म्हातारी अस्वलं झोपेतच मरत, असं गुहा दाखवणारी मुलगी म्हणाली. एका थेंबाला बोटभर दगड वाढवायला किती पिढ्या लागतात तेही तिनं सांगितलं. तात्यांनी भिंतीवर नखानं खरवडून बघितलं. मुलगी ओरडली. तात्यांनी नख मला दाखवलं. "चुना हाय, दत्ता. आपल्याकडं गूळ करताना उसाच्या रसात घालत्यात त्योच. हितं तर डोंगरच्या डोंगर हाय!"

बाहेर आल्यावर वेर्नरनं गोगलगाईसारखा वळलेला दगड दाखवला. इथे एके काळी समुद्र होता, म्हणाला, हा त्यातला जीव. तात्या तो दगड बराच वेळ हातात फिरवत राहिले. धरणाच्या पाण्यात त्यांचं जुनं घर गेलेलं. "आमच्या पळसदेवावर पाणी आलं," ते म्हणाले, "आन् हितलं निघून गेलं." हे मी वेर्नरला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

दुपारी किल्ला. लिश्टनश्टाइन नावाचा, कड्यापासून सुटलेल्या एका सुळक्यावर बसवलेला. मध्ये खोल दरी, तिच्यावर पूल. बारीक बुरूज, टोकदार छपरं, खिडक्यांना रंगीत काचा. चित्रात काढावा तसा. आपले किल्ले म्हणजे अख्खा डोंगरच बांधलेला असतो, माथ्यावर शिबंदीची जागा, तलाव, देऊळ. इथे एका खडकावर एक घर. आत चिलखतं, भाले, प्यायचे भलेमोठे पेले. मला आवडला. तात्या मात्र सगळीकडे काहीतरी शोधत होते.

"टाकं कुठं हाय पाण्याचं?"

वेर्नरला ठाऊक नव्हतं. चौकशी केल्यावर समजलं की हा किल्ला तितकासा जुना नाही, जुना पडल्यावर एका हौशी सरदारानं जुन्यासारखा नवा बांधवून घेतलेला.

"तरीच," तात्या म्हणाले. "लढायचा किल्ला न्हाय ह्यो. मला पडका दाव म्हणावं. पडका असंल त्योच खरा."

वेर्नर म्हणाला, पडके तर इथे प्रत्येक टेकाडावर आहेत.

दुसरा शनिवार पावसात गेला. कपडे धुतले, पत्रं लिहिली, दारावर पाटी परत आली.

तिसरा शनिवार: पडका किल्ला

लोरेबाईंनी नकाशावर पेन्सिलीनं रेघ मारून दिली. बसनं पठारावरच्या गावापर्यंत जायचं, तिथून अर्धा तास चालून कड्यावरचा पडका किल्ला, आणि त्याच्याखाली जंगलात एक लहानशी गुहा. वाट चुकायची भीती नाही. झाडांवर रंगाचे त्रिकोण काढलेले असतात, त्यामागून जायचं. डोंगराला असा पत्ता लिहिलेला मी पहिल्यांदाच बघितला.

बसमधून उतरलो तर पठारावर धुकं. पन्नास पावलांपलीकडे काही दिसेना. तरी किल्ला सापडला. दोन पुरुष उंचीची एक भिंत, अर्धा बुरूज, आत उगवलेली झाडं. आणि एका कोपऱ्यात खडकात खोदलेलं, पाल्यानं भरलेलं टाकं! तात्या त्याच्या काठावर बसले, पाला बाजूला केला, हात घालून पाणी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, आता सहा आठवडे सार्थकी लागले. आम्ही तिथेच लोरेबाईंचा पाव आणि आपली चटणी खाल्ली.

गुहेकडे उतरताना घात झाला. वाट उताराची, तिच्यावर ओल्या पानांचा वीतभर थर, आणि पानांखाली गुळगुळीत चुनखडी. मी पुढे होतो. मागे "आरं!" एवढंच ऐकू आलं. वळलो तर तात्या वाटेवर नव्हते. वीस-पंचवीस फूट खाली घसरत जाऊन एका जाड बुंध्याला अडकले होते. बुंधा नसता तर पुढे कडाच होता.

धरत धरत मी खाली गेलो. उजवं पाऊल नको त्या बाजूला वळलेलं. चेहरा पांढराफटक, पण शुद्धीवर.

"मोडला का रं?"

"मोडलाय, तात्या."

"मशीनवर उभा कसा ऱ्हाऊ आता?" हेच त्यांचं पहिलं बोलणं.

मी उचलायचा प्रयत्न केला. ओला उतार, शंभर किलोंच्या जवळपासचा माणूस. दोघेही कड्याकडे सरकायला लागलो तेव्हा सोडून दिलं. माझं जाकीट काढून त्यांच्या अंगावर घातलं. चार वाजून गेले होते आणि थंडी वाढत होती. बसचं गाव अर्ध्या तासावर, धुक्यात कदाचित तासावर.

"जा तू," ते म्हणाले. "मी कुठं जातोय?"

मी वर पठारावर आलो आणि पळायला लागलो. पाच मिनिटांत त्रिकोण दिसेनासे झाले. काटेरी झुडपं आणि खुरटं गवत, चहूकडे सारखंच. थांबलो. आणि उजवीकडून घंटी ऐकू आली, ठुणुक ठुणुक. कुठल्याही भाषेत ती मेंढराच्या गळ्यातली.

इथे एक सांगायला हवं. मी अकरा वर्षांचा होईपर्यंत आमच्या घरी मेंढरं होती. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दिवाळीनंतर दीडशे मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे, आणि त्यातली दोन वर्षं मीही मागून चाललोय. मग आमच्याकडे कालव्याचं पाणी आलं, चराईची रानं उसाखाली गेली, आबांनी मेंढरं विकली आणि ऊस लावला. त्यानंतर त्यांनी घरात मेंढरांचा विषय काढला नाही. मीही कारखान्यात कधी काढला नाही.

घंटीच्या दिशेनं गेलो तर आधी दोन कुत्री अंगावर आली, मग धुक्यातून एक उंच माणूस. रुंद टोपी, गुडघ्याखाली येणारा जाड लोकरी अंगरखा, हातात लांब काठी, तिच्या टोकाला लहानसं लोखंडी फावडं. त्याच्यामागे तीनएकशे मेंढरं. मी खाली दाखवलं, माझा पाय दाखवला, हातानं काटकी मोडून दाखवली. "फ्रॉइंड," म्हणजे मित्र, हा एक शब्द मला येत होता. तो पाच-सहा वेळा म्हटला.

त्याला सगळं समजलं. त्यानं बोटानं दाखवलं, गाडी तिकडे कच्च्या रस्त्यावर आहे, गावात जाऊन फोन करता येईल. पण मग त्यानं मेंढरांकडे बघितलं आणि दुसऱ्या हातानं दुसरीकडे दाखवलं. दोनशे पावलांवर डांबरी रस्ता होता. धुक्यातून एक ट्रक गेल्याचा आवाज आला. त्याची अडचण मला न सांगता कळली. मला गाडी चालवता येत नाही, गाव ठाऊक नाही, भाषा नाही. आणि तीनशे मेंढरं अशी सोडून जाता येत नाहीत.

मी छातीवर हात ठेवला, मेंढरांकडे बोट केलं. मी राखतो, तू जा.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इस्त्रीची पँट, स्वेटर, पायात ऑफिसचे बूट. मीही त्याच्या जागी असतो तर विश्वास ठेवला नसता.

कळपाच्या कडेला एक मेंढी लंगडत होती. मी गेलो, मागून तिचा पाय पकडला, ढुंगणावर बसवली आणि खूर उलटा करून बघितला. बेचक्यात दगडाचा खडा रुतला होता. नखानं काढला, बोटानं दाबून सडलंय का पाहिलं, मेंढी सोडली. पंचवीस वर्षांत मी मेंढराला हात लावला नव्हता. हात आपोआप चालले.

मेंढपाळ पुढे आला. अंगातला अंगरखा काढून माझ्या अंगावर घातला, काठी माझ्या हातात दिली, कुत्र्यांना काहीतरी हुकूम सोडला आणि गाडीकडे पळत सुटला.

त्यानंतरचा तास मी विसरणार नाही. अंगरख्याला मेंढरांचा, धुराचा, ओल्या लोकरीचा वास येत होता. मी रस्ता आणि कळप यांच्यामध्ये उभा राहिलो आणि दर थोड्या वेळानं कड्याकडे तोंड करून ओरडत होतो, "तात्याऽऽ!" खालून उत्तर यायचं, "हायऽऽ!" चार वेळा आलं. पाचव्या वेळी आलं नाही.

परत ओरडलो. काही नाही. पुन्हा ओरडलो.

घसरले असतील, हे पहिलं मनात आलं. पळत जावं तर मागे रस्ता, आणि मी शब्द देऊन बसलेला. न जावं तर तात्यांच्या बायकोला जाऊन काय सांगायचं? शेवटी मी ठरवलं की कळपच कड्यापाशी न्यायचा. आबा घालायचे ती हाक घातली, "हुर्रऽऽ ह्या!" मेंढरांनी मान वर केली आणि परत चरायला लागली. कुत्र्यांना मराठी कळेना. मग मला आठवलं, तो माणूस कळपाच्या पुढे चालत होता, मागे नाही. मी काठी जमिनीवर आपटली, त्यांच्यासमोरून गेलो आणि पाठ करून चालायला लागलो. मागे वळून बघितलं नाही. थोड्या वेळानं घंटी हलली. मेंढरं मला ओळखत नव्हती, पण त्या अंगरख्याला ओळखत होती.

झाडी सुरू होते तिथे पोचलो आणि सगळा जीव एकवटून ओरडलो.

"आरं, किती वरडतुयास!" खालून आवाज आला. "तोंडात तंबाखू हाय, बोलू कसा?"

हसलो का रडलो, आता नक्की सांगता येणार नाही. मेंढरं आजूबाजूला चरत होती.

अंधार पडायच्या आत गाडी आली, तिच्यामागे दुसरी. चार माणसं दोर आणि स्ट्रेचर घेऊन उतरली, अर्ध्या तासात त्यांनी तात्यांना वर आणलं. वर आल्यावर तात्यांनी माझ्याकडे बघितलं, अंगरखा, टोपी नसलेलं डोकं, हातात काठी, भोवती मेंढरं. "ह्ये काय सोंग काढलंस?" म्हणाले. मेंढपाळ मात्र त्यांच्याकडे गेलाच नाही. तो एका जागी उभा राहून मेंढरं समोरून जाऊ देत होता आणि ओठ हलवत मोजत होता. मोजून झाल्यावर त्यानं माझ्या हातातली काठी घेतली आणि मान हलवली. एकदाच.

दवाखाना

घोटा दोन ठिकाणी मोडला होता. ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं. लोरेबाई रोज डब्यात मसुरीची आमटी घेऊन जायच्या. उरलेलं शिकणं मी एकट्यानं केलं, पण दर संध्याकाळी खाटेजवळ बसून तात्यांना सगळं सांगायचं आणि त्यांनी चुका काढायच्या, असा नेम झाला.

मेंढपाळ चौथ्या दिवशी आला. योहान त्याचं नाव. जाड लोकरीचे हातविणीचे मोजे घेऊन आला होता. तात्यांनी त्यातला एक लगेच चांगल्या पायात चढवला. वेर्नर तिथेच होता, त्यामुळे पहिल्यांदाच आम्हाला बोलता आलं. योहाननं विचारलं, तुझी मेंढरं किती?

माझी नाहीत, वडिलांची होती, मी सांगितलं. दीडशे. हिवाळ्यात डोंगर उतरून समुद्राकडच्या मुलखात जायची.

योहान खुर्चीत पुढे सरकला. तोही पुढच्या महिन्यात डोंगर उतरणार होता. बर्फ पडायच्या आत, पायी, गावागावांतून, ऱ्हाइन नदीच्या बाजूला. लोक गाड्यांचे भोंगे वाजवतात, म्हणाला. आमच्याकडे शेतात मेंढरं बसवायला शेतकरी बोलावतात, खतासाठी, मी म्हणालो. इथेही पूर्वी बोलावत, तो म्हणाला.

तात्या ऐकत होते. योहान गेल्यावर म्हणाले, "दत्ता, बारा वर्सं शेजारच्या मशीनवर हाईस. मेंढरामागं हिंडलायस ह्ये मला कधी बोलला न्हाईस."

"तुम्ही विचारलं नाही."

"आमी न्हाय इचारलं, ह्ये खरं हाय," तात्या म्हणाले.

घरी

तात्या कुबड्या घेऊन विमानात चढले आणि कुबड्या घेऊनच वालचंदनगरात उतरले. मी दुसऱ्या दिवशी आई-आबांकडे वस्तीवर गेलो. आईनं खाण्याचं विचारलं. आबा ओट्यावर बसून पानं सुकलेल्या उसाच्या कांड्या तपासत होते. मी गुहेचं सांगितलं, किल्ल्याचं सांगितलं. ते हूं हूं करत राहिले. मग मेंढरांचं सांगितलं, तशी कांडी त्यांनी खाली ठेवली.

"कसली मेंढरं?"

"पांढरी. मोठी. आपल्या दोन मेंढ्यांची त्यांची एक."

"लोकर किती धरत्यात? पाय सडत्यात का, एवढ्या वलीत? राती वाघुरात घालत्यात का मोकळी?"

वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मी सांगितलं, त्यांचीही जाळीच असते, फक्त तिच्यात वीज सोडतात. आबांनी आणखी बरंच विचारलं. कुत्री कसली, मेंढ्यांना कोकरं कधी होतात, पुढं कोण चालतं. पंचवीस वर्षांत ते माझ्याशी एका दमात इतकं बोललेले मला आठवत नाहीत. शेवटी म्हणाले, "त्यो माणूस आल्यावर त्यानं मोजली का?"

"मोजली."

"मग?"

"सगळी भरली."

"धुक्यात?"

"धुक्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीजवळच्या भवानीनगरच्या चौकात चहाला गेलो, तर आबा माझ्या आधीच तिथे पोचले होते. बाकावर चार माणसं, आबा मध्ये. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मशीन, विमान, गुहा, किल्ला यातलं त्यांनी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"तीनशे मेंढरं," ते सांगत होते. "परकी. कुत्र्याला आपली भाषा कळंना. आन् माझ्या पोरानं एक बी हरवली न्हाय."